उजवा हात शेवटी

३ जून, बुधवार

पोचले एकदाची! मरुडीहून सकाळी सातला सुटलेली होडी दुपारी तीनला लांबघराच्या, म्हणजे सगळं गाव एकाच आढ्याखाली राहतं त्या घराच्या, धक्क्याला लागली. वरच्या अंगाला पाणी कमी होतं, दोनदा सगळ्यांना खाली उतरवलं. एकसष्टाव्या वर्षी स्कर्ट गुडघ्यापर्यंत खोचून मीही होडी ढकलली. नावाडी म्हणाला, आजी, तुम्ही ढकलताय की धरून उभ्या आहात? मी म्हटलं, मेल्या, आधी तुझं पोट उतरव होडीतून, मग बघू. सगळी होडी हसली. किती दिवसांनी कुणाला हसवलं मी!

धक्क्यावर लेजाऊ उभा होता. माझा धाकटा भाऊ, पण केस माझ्यापेक्षा पांढरे. लग्न करून तो बायकोच्या घरी इथे आला त्याला तीस वर्षं झाली. त्याची उसुन आता बावीस वर्षांची आहे. तिने माझी पत्र्याची पेटी एका हातात उचलली आणि विचारलं, आत्या, यात विटा भरल्यास का? बिस्किटांचे दोन डबे, दोऱ्यांची पेटी आणि या वह्या, एवढंच आहे त्यात.

मला नदीकडच्या खिडकीची खोली दिली आहे. दुसऱ्या बाजूची मिळाली असती तर बरं झालं असतं.

लेजाऊने सगळ्यांना माझं नाव ॲग्नेस म्हणून सांगितलं. तसं मी पत्रातच बजावलं होतं. आमच्यात नाव जन्मभर एक राहत नाही. मूल झालं की बदलतं, नवरा गेला की पुढे एक शब्द लागतो, लेकरू गेलं की दुसरा. तो दुसरा शब्द सव्वीस वर्षं माझ्या नावापुढे आहे. मरुडीत कॉन्व्हेंटच्या सिस्टरांमध्ये तो कुणी उच्चारत नसे. इथेही नको. या वहीतसुद्धा नको.

५ जून

आज देवुंगमावशींकडे गेले. या नदीवर गोंदणाऱ्या त्या शेवटच्या. वय पंच्याऐंशीच्या घरात, दात तीन, जीभ मात्र शाबूत. कोपरापर्यंत दोन्ही हात निळे, पावलंही निळी. जणू कुणी जाळीचे हातमोजे घालून दिलेत.

माझे हात उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाल्या, पावाच्या पिठासारखे मऊ आहेत गं. गोऱ्या सिस्टरांनी काय शिकवलं या हातांनी? मी म्हटलं, भरतकाम. चाळीस वर्षं मुलींना तेच शिकवलं. तर म्हणतात, म्हणजे चाळीस वर्षं तू मेलेल्या कापडाला टोचत बसलीस. ये, आता ओरडणाऱ्याला टोच.

मग मात्र गंभीर झाल्या. सुई धरण्याआधी काही विचारावं लागतं. घरात कुणाचं प्रेत नाही ना? नाही. शेतात पेरा चालू नाही ना? नाही. तुझी लेकरं लहान नाहीत ना? यावर पडवीतल्या बायका फिदीफिदी हसल्या. साठी उलटलेल्या बाईला कसलं विचारताय, एकीने म्हटलं. मावशी म्हणाल्या, विचारायचं असतं ते विचारते. लहान लेकराची आई सुई धरते तेव्हा रेघ उमटत नाही. उमटली तरी राहत नाही. आणि धरणारीचे डोळे जातात.

मी नाही म्हणाले. लेजाऊ खाली बघत होता.

खोटं कुठे बोलले? माझ्याकडे आज कुठलंच लेकरू नाही.

१२ जून

हात दुखतो आहे, पण मन रमलंय. राळ जाळायची, तिच्या धुरावर पातेलं पालथं धरायचं, बुडाला जमलेली काजळी पिसाने खरवडून उसाच्या रसात कालवायची. सुयांचा दांडा डाव्या हातात, टिपरी उजव्यात. दांड्यावर टिपरीचा ठोका, टक टक, टक टक. केळीच्या सोपटावर आठवडाभर तेच करते आहे. कातडी आपल्या पायाच्या अंगठ्याने ताणून धरायची असते. कशिद्याच्या चौकटीचं काम इथे पाऊलच करतं.

सिस्टर फिलोमेना म्हणायच्या, कापडाची मागची बाजू पुढच्याइतकीच नेटकी हवी, देव मागूनच बघतो. हे मावशींना सांगितलं, तर हसून हसून त्यांना ठसका लागला. कातडीच्या मागून बघायला देव आत शिरतो की काय तुमचा?

संध्याकाळी उसुनने भाजलेला मासा आणि रानातल्या नेच्याची कोवळी पानं आणून दिली. ती स्वतःच्या हातांवर पूर्ण गोंदण करून घेणार आहे. गावात तिच्या वयाच्या कुणी केलेलं नाही. म्हणते, शहरातून शिकून आलेल्या मुली फुलपाखरं गोंदून येतात, माझ्या आजीचं मी गोंदलं तर बिघडलं कुठे? मावशी तिची बोटं करणार. पहिली ओळ मला देणार आहेत.

२१ जून, रविवार

इथे फादर दोन महिन्यांतून एकदा येतात. एकटीच माळ घेऊन बसले होते. मणी सरकत होते, प्रार्थना सरकत नव्हती. म्हणून लिहिते. कुठेतरी लिहायलाच हवं.

तिपुंग साडेसहा वर्षांची होती. पुढचा वरचा दात पडला होता आणि रोज सकाळी आरशात बघून विचारायची, आला का गं? मी म्हणायचे, येईल, घाई कसली.

त्या वर्षी माझी आई तिच्या बोटांवर पहिली ओळ गोंदून घेऊ या म्हणून मागे लागली होती. आमच्यात मुलींचं तेव्हापासूनच सुरू होतं. बाईच्या हातापायांवरचं गोंदण मेल्यावर मशालीसारखं पेटतं, त्या उजेडात ती पलीकडच्या वाटेने चालते. ज्यांना नाही त्या चाचपडत राहतात. मी उडवून लावलं. कॉन्व्हेंटात शिकलेली बाई मी, माझ्या हातांवरही कधी काही करू दिलं नाही. आईला म्हटलं, माझ्या लेकीला रानटी करायचं नाही मला. आई म्हणाली, निदान एक बोट. मी म्हटलं, एकसुद्धा नाही.

सव्वा महिन्याने नदी भरली आणि ती आमच्या गावच्या धक्क्यावरून वाहून गेली. तिसऱ्या दिवशी सापडली. शवपेटीत ठेवताना आई तिची कोरी बोटं चोळत बसली होती. म्हणाली, अंधारात पाठवलीस गं पोरीला.

त्यानंतर आई नऊ वर्षं जगली. पुन्हा कधी ते बोलली नाही. एकदाच बोलली होती, पण मला ते रोज ऐकू येतं.

म्हणून आले इथे. शिकायची हौस आहे हे खरं. पण ती एक ओळ माझ्या हाताने, तिच्या नावाने, आमच्याच रक्ताच्या कुणावर उमटवायची आहे. तेवढा उजेड पोचेल. न पोचायला काय झालं?

२९ जून

आज उमटवली!

सकाळी उसुनच्या आईने माझ्या मनगटात एक जुना निळा मणी बांधला. गोंदणारीचे डोळे शाबूत राहावेत म्हणून बांधतात. मावशींनी लाकडी ठशाला काजळी लावून उसुनच्या उजव्या बोटांवर दाबला, आकड्यांची एक ओळ उठली. गळाला असतात तसले वळलेले आकडे. त्यावरून मी ठोकत गेले. उसुन किंचाळली, आत्या, बटण शिवतेयस का माझ्यावर? तिसऱ्या आकड्यावर ती इतकी हसली की माझा हात उडाला आणि तांदळाच्या दाण्याएवढी फट राहिली. मी रडवेली झाले. मावशी म्हणाल्या, असू दे, ती तुझी सही.

ठोकताना जिची कातडी तिचं नाव घ्यायचं असतं, प्रत्येक आकड्याला एकदा. माझे ओठ हलत होते. सगळ्यांना वाटलं मी उसुनचं नाव घेतेय.

माळेच्या मण्यासारखं एकच नाव घेतलं मी. तिपुंग. तिपुंग. तिपुंग.

फार हलकं वाटतंय.

२ जुलै

ओळ नाही.

आज खपली धरायला हवी होती. उसुनची बोटं कोरी आहेत. टोचल्याची खूणसुद्धा नाही. मावशींनी बोटं हुंगली, दाबली, उसुनला काय खाल्लंस विचारलं. मग माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, बाई, परत विचारते. तुझं लहान लेकरू नाही ना कुठे?

लेजाऊ वेत सोलत होता. त्याची सुरी थांबली.

मी दुसऱ्यांदा नाही म्हणाले.

दुपारी खोलीत येऊन बघितलं. मनगटातला मणी पांढरट झालाय, उकडलेल्या माशाच्या डोळ्यासारखा.

५ जुलै, रविवार

भर बारा वाजता काजळीची वाटी धुवायला धक्क्यावर गेले होते. ओंडक्यांच्या फटीत, खालच्या काळ्या पाण्यात, एक लहान हात होता. ओंडक्याची कड धरलेला.

पावसाळ्यात कुजक्या लाकडावरची अळंबी चमकतात तशी बोटं चमकत होती. निळी. आकड्यांची ओळ. तिसऱ्या आकड्यात तांदळाच्या दाण्याएवढी फट.

मी ओरडले नाही. आता लिहिताना त्याचीच भीती वाटते आहे. वाटी बाजूला ठेवली, पालथी झोपले आणि फटीत तोंड घालून हाक मारली. हात सुटला आणि खाली गेला. खूप खोलपर्यंत उजेड दिसत होता.

पोचला. माझा उजेड पोचला.

६ जुलै

मावशी ऐकत नाहीत. रेघ का राहिली नाही हे कळेपर्यंत सुई आढ्यालाच टांगलेली राहील म्हणाल्या. आणि आपल्या नातसुनेबरोबर शेतावर गेल्या.

मी सुई काढली. उसुनला सांगितलं, मावशींनी डावा हात करायला सांगितलाय. पोरीने विश्वासाने हात पुढे केला. मणी बांधला नाही. चारही बोटं केली, मनगटापर्यंत गेले. ती म्हणाली, आत्या, आज तुझा हात केवढा हलका लागतोय.

हलका होता. मला माहीत होतं मी काय करते आहे. हे लिहून ठेवते, म्हणजे नंतर मला नाही म्हणता येणार नाही.

८ जुलै

उसुनचा डावा हात दीड दिवसात कोरा झाला.

दुपारी पडवीत कुणी नव्हतं. शिडीपासून माझ्या चटईपर्यंत ओल्या पावलांची रांग. लहान पावलं. येणारी. परत जाणारी नाहीत.

मग ती दिसली. उन्हात उभी होती, तरी तोंड काळोखात असल्यासारखं. नुसते हात उजळलेले. ते पुढे धरून, खांब चाचपत, एकेक पाऊल टाकत माझ्याकडे आली. मी गुडघ्यांवर बसले. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, नाक, गाल. पाण्याइतकी गार बोटं.

आणि पुढे गेली.

ओळखलं नाही तिने मला. माझ्यावर उजेडाचा एक ठिपकाही नाही. तिच्या वाटेवर मी खांबांमधला एक खांब.

ती उसुनच्या खोलीत शिरली.

१० जुलै

उसुनच्या हातून भाताचं भांडं पडलं. बोटं पांढरी, सुरकुतलेली, तासन्‌तास पाण्यात असावीत तशी. सुई टोचून बघितली तरी कळत नाही. ती मला म्हणाली, आत्या, कुणीतरी माझा हात ओढतंय गं. जोरात नाही. लहान मूल कसं, चल ना, गंमत दाखवते, म्हणून ओढतं, तसं.

माझ्या डोळ्यांत कडेने धूर भरलाय. काजळीमुळे असेल.

११ जुलै

आज उसुन दोनदा नदीत उतरली. दुसऱ्यांदा पाणी गळ्यापर्यंत होतं. लेजाऊने केसांना धरून ओढून काढली. ती हसत होती. एक हात पाण्यात लांब धरलेला.

मग लेजाऊ माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाला, तुझी गेली तेव्हा मी तुझ्याबरोबर रडलो, ताई. माझी घालवू नकोस. मावशींना तू सांगतेस की मी सांगू?

१२ जुलै

सांगितलं. सगळं.

मावशी रागावतील वाटलं होतं. त्यांनी मला तो शब्द लावून हाक मारली. लेकरू गेलेल्या आईचा शब्द. सव्वीस वर्षांनी ऐकला. बांध फुटला माझा.

म्हणाल्या, अगं वेडे, तुमच्या सिस्टरांनी हिशेब शिकवले, एवढं नाही शिकवलं? जिवंत लेकरू मोठं होतं. मेलेलं कसं मोठं होईल? त्याचा पडलेला दात कधी येतो का? तुझं लेकरू लहानच आहे. मी मरेन, तू मरशील, ते लहानच राहील. आमच्या घरात अशा आईच्या हाती सुई कधीच देत नाहीत. नावापुढे तो शब्द त्यासाठीच असतो. तू तोच लपवलास.

मी विचारलं, आता काय करू?

म्हणाल्या, तिला उजेडाची चव लागली. ज्या कातडीचा उजेड, त्या कातडीला ती न्यायला बघणार. पोर आहे, तिला काय कळतं. उसुनच्या बोटांवरचा तिने घेतलाय, तो सोडायला हवा. सोडेल कधी? त्याहून मोठा उजेड दिसला तर.

मग माझे हात हातात घेतले. पावाच्या पिठासारखे, पुन्हा म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

मोठा उजेड माझ्या हातापायांवर पेटला की ती मलाच नेणार, हे त्यांनी उघड सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१३ जुलै

आज माझी पावलं. सुई मावशींच्याच हातात. मोजून सांगितलं त्यांनी, आधी पावलं, मग डावा हात, मग उजवा. सगळं पुरं झाल्याशिवाय पुरतं पेटत नाही. मी म्हटलं, उजवा शेवटी ठेवा, मला लिहायचं असतं. तर म्हणतात, कॉन्व्हेंटवाली ती कॉन्व्हेंटवालीच.

दुखतं. खूप दुखतं. ठोक्याठोक्याला माझं स्वतःचं नाव घ्यावं लागतं. त्या शब्दासकट.

१५ जुलै

पावलं झाली. वहीच्या ओळी दिसत नाहीत, अंदाजाने लिहिते. डोळ्यांत फक्त मधोमध एक भोक उरलंय. त्यातून बघितलं — ती उसुनच्या उंबऱ्यात बसली होती. तोंड माझ्या पावलांकडे वळलेलं.

उसुन आज जेवली. दोन घास.

१६ जुलै

उसुनने ओरडून सगळ्यांना बोलावलं. उजव्या बोटांवर ओळ आली आहे. काळीनिळी, खपलीसकट. तिने माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. तिसऱ्या आकड्यात फट. माझी सही.

म्हणजे सोडलं तिने. दुखतंय म्हणाली उसुन, आणि दुखतंय म्हणून हसली. लेजाऊ खांबाला टेकून रडत होता, ते ऐकलं. माझ्याजवळ आला नाही. येऊ नये त्याने.

मला आता काही दिसत नाही.

१७ जुलै

डावा हात झाला. मनगट, कोपर. मावशी मध्येच थांबल्या. म्हणाल्या, साठ वर्षं ठोकतेय, थांबवल्यावर रडणारी पहिलीच बाई तू. अजून वेळ आहे, उजवा ठेवू या कोरा. तुझी पोर घरी जाईल आपली आपण.

कुठे जाईल? तिला वाट माहीत नाही. मीच दाखवली नाही.

मावशी, उद्या करा म्हटलं.

तिच्या केसांतून पाणी गळतंय. माझ्या उजव्या बाजूला. टप — टप —

१८ जुलै

अक्षर कसं येतंय कोण जाणे. मोठं लिहिते. उसुनने पान धरलंय — नाही, उसुन तर —

उजवा सकाळपासून चालू आहे. चार बोटं उरलीत, लिहिण्यापुरती. मावशी म्हणाल्या, जेवून येते, तोवर लिहून घे. पायरव गेला त्यांचा. पडवीच्या टोकापर्यंत ऐकला.

टक टक. टक टक.

थांबलं नाही ते. हलका हात आहे. चुकत चुकत, पहिल्यांदाच शिकणाऱ्यासारखा. पायाचा इवलासा अंगठा माझी कातडी ताणून धरतोय. गार.

करंगळी झाली.

आई, कुणाला सांगू. रानटी म्हणाले होते मी तुला. माफ कर. निदान एक बोट म्हणाली होतीस —

अनामिका.

आकड्यात फट राहिली तर राहू दे गं, राजा. ती तुझी सही. घाई कसली.

मधलं. पेन नीट धरवत नाही.

दिसतंय! निळं — आधी पावलं. मग हा हात. पडवी नाही, वाट आहे, पाण्याखालून — आणि तोंड उजळतंय तिचं, ती वर बघते आहे, माझ्याकडे, मला, ओठ उघडते — तो दात, अजून तसाच, तिथे अजून — आला का गं, विचारते आहे. मी काय सांगू, तिपुंग, मी म्हटलं होतं येई